कोण कुणाच्या साथीला

शुक्रवार, रात्री साडेअकरा

संध्याकाळपासून पाऊस लागून राहिलाय. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, शेजारच्या काकू सांगत होत्या की दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलंय (नाशकात गोदेचा पूर या मूर्तीवरूनच मोजतात), आणि मी जेवणं आटोपल्यापासून गॅलरीच्या दाराशी हेडफोन लावून बसलेय. एकच अल्बम तिसऱ्यांदा चाललाय. उद्या सेकंड सॅटरडे, ऑफिस नाही, म्हणून चालतंय.

भाच्यानं परवा व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली होती आणि खाली एकच ओळ, "मावशी, यातला एक जण उस्ताद अल्लारखांकडे तबला शिकलाय, ऐकच." त्याला माहितीये की अल्लारखांचं नाव घेतलं की मी हातातलं काम टाकून ऐकणार. अल्बमचं नाव कोडोना, तिघांच्या ग्रुपचं नावही कोडोनाच. कॉलिन वॉलकॉट, डॉन चेरी आणि नाना वास्कॉन्सेलोस, तिघांच्या नावाची सुरुवात जोडून केलेलं नाव. तिसऱ्याचं नाव नाना आहे हे वाचून मला एकदम घरचं वाटलं, आपल्याकडे प्रत्येक वाड्यात एक नाना असायचेच ना.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काहीच हाताला लागलं नाही, हे खरं ते लिहून ठेवते. आठ वर्षं तबला शिकल्यामुळे माझ्या कानाला एक सवय आहे, काहीही सुरू झालं की आधी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, शोधायची, मात्रा मोजायच्या, ठेका कुठला ते बघायचं. इथे मी पंधरा मिनिटं मांडीवर बोटं मोजत बसले आणि सम काही सापडेना. सतार येते, ट्रम्पेट येतं, मध्येच बासरी, मध्येच कुणीतरी नुसतं गळ्यातून काहीतरी म्हणतं, मग शांत, आणि त्या शांततेत एक तार टणत्कारते जी सतारीची नाही हे नक्की कळतं पण कशाची ते कळत नाही. मी बंद केलं होतं. मग पोळ्या लाटताना तो तारेचा आवाज पुन्हा डोक्यात यायला लागला म्हणून परत लावलं.


शनिवार, सकाळी

तो तारेचा आवाज म्हणजे बेरिंबाव. सकाळी चहा घेता घेता वाचून काढलं. ब्राझीलचं वाद्य, म्हणजे लाकडाचं एक धनुष्य, त्याला पोलादी तार, आणि खालच्या टोकाला वाळवून पोकळ केलेला एक भोपळा बांधलेला. एका हातात धनुष्य आणि एक नाणं किंवा गोटा, तो तारेवर दाबला की सूर चढतो, सोडला की उतरतो, दुसऱ्या हातात बारीक काडी आणि त्याच हाताच्या बोटांत वेताचा छोटा खुळखुळा. भोपळ्याचं उघडं तोंड पोटाला टेकवायचं आणि लांब करायचं, की तोच सूर दाबल्यासारखा नाहीतर खुला होतो. मूळचं ते कापोएराच्या, म्हणजे तिकडच्या नाचासारख्या लढाईच्या खेळाबरोबर वाजतं. नाना वास्कॉन्सेलोस १९४४ साली तिकडच्या रेसिफे शहरात जन्मले आणि त्यांनी हे खेळाबरोबरचं वाद्य मैफलीत आणून बसवलं, पुढे तर पूर्ण ऑर्केस्ट्रासोबत वाजवलं. २०१६ मध्ये गेले.

आईला स्पीकरवर ऐकवलं. ती मेथी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तुणतुणं आहे का गं?" मी म्हटलं तसंच काहीसं, पण भोपळा लावलेलं. मग ती थांबली आणि म्हणाली, "भोपळ्याचं तर आमच्याकडे पावरी होती." आजोबा प्राथमिक शिक्षक होते, आईचं सगळं लहानपण सुरगाण्याकडे गेलं. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या वेळी रात्रभर पावरी वाजायची, भोपळा, बांबू आणि पुढे शिंगाचा कर्णा, आणि माणसं गोल धरून नाचायची. आई म्हणाली की झोपेत आवाज जवळ यायचा, लांब जायचा, पुन्हा जवळ यायचा. "कधी सुरू झालं आणि कधी संपलं ते कळायचंच नाही." तिनं हे मला याआधी कधीच सांगितलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षं एका घरात राहून.

आणि मग ते भोपळ्याचं माझ्या डोक्यातून जाईना. सतारीचा भोपळा आपल्याला माहीतच आहे, मिरजेच्या सतारी-तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, त्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा केवढा आनंद झाला होता मला. डॉन चेरी ट्रम्पेट वाजवतात पण या अल्बममध्ये दुसन्गुनी नावाचं एक वाद्यही वाजवतात, पश्चिम आफ्रिकेतल्या शिकाऱ्यांची वीणा म्हणता येईल अशी, त्यालाही खाली भोपळा. म्हणजे जर्मनीतल्या एका खोलीत एक अमेरिकन माणूस आपला भोपळा घेऊन बसलाय, दुसरा अमेरिकन आफ्रिकेचा भोपळा घेऊन, आणि नाना ब्राझीलचा. तिन्ही शेतातून आलेले, उन्हात वाळलेले. मला हे फार म्हणजे फार आवडलं.

खोली म्हणजे लुडविग्सबुर्गचा टोनश्टुडिओ बाउअर, स्टुटगार्टच्या जवळ. सप्टेंबर १९७८ मध्ये रेकॉर्डिंग झालं, १९७९ मध्ये ईसीएम या रेकॉर्ड कंपनीनं काढलं, निर्माते मानफ्रेड आयशर.


शनिवार, रात्री

आज दिवसभरात कामं करता करता चारदा झालं ऐकून. आता जे कळलंय ते लिहिते, नाहीतर सोमवारी ऑफिसच्या धबडग्यात विसरून जाईन.

वॉलकॉट सतार पंडित रविशंकरांकडे शिकले आणि तबला अल्लारखांकडे. या अल्बममध्ये ते दोन्ही वाजवतात, शिवाय संतूरसारखं काठ्यांनी वाजवायचं डल्सिमर आणि बोटांनी पट्ट्या छेडायचं सान्झा. मी आधी वाट बघत होते की आता तबला येईल आणि ठेका धरेल आणि बाकीचे त्यावर वाजवतील. तसं होत नाही. जिथे तबला आहे तिथे तो कुणाला धरून ठेवत नाही, बोलतो, थांबतो, दुसऱ्याला बोलू देतो. ट्रम्पेट पुढे आलं म्हणून बाकीचे दोघं मागे सरकले असंही वाटत नाही. कोण मुख्य आणि कोण साथीला हे मी चार वेळा शोधलं.

हे मला का लागलं ते मला नीट माहितीये. पंचवटीत क्लासला जायचे तेव्हा आमचे सर पहिल्या दिवसापासून सांगायचे, साथ म्हणजे सावली, गवयाच्या पुढे सावली पडता कामा नये. सर फार मोठ्या मनाचे होते आणि ते बरोबरच सांगत होते, ख्यालाला तसंच लागतं, मी आजही तेच म्हणेन. पण कॉलेजात असताना एका स्पर्धेत मी साथ केली होती, गाणारीची लय द्रुतमध्ये सुटली, दोन आवर्तनं ती कुठेच नव्हती, मी मुखडा दाखवून दाखवून तिला समेवर आणलं आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक भाषणात तंबोऱ्यावरच्या मुलीचंसुद्धा नाव घेऊन बोलले, माझं राहिलं. कुणी मुद्दाम केलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही. पण त्या रात्री सायकलवरून रामकुंडाच्या बाजूनं घरी येताना जे वाटलं ते अजून जसंच्या तसं आहे, आणि त्यानंतर वर्षभरात क्लास सुटला, परीक्षा, मग नोकरी, मग बाकीचं सगळं.

या तिघांचं ऐकताना ते पुन्हा वर आलं, पण वेगळं होऊन. साथ या शब्दात 'बरोबर' असाही अर्थ आहे की, आपण म्हणतोच, साथीनं जाऊ, साथ दे. मागे बसणं हा एकच अर्थ मी धरून बसले होते.

तिसऱ्या तुकड्याबद्दल लिहायलाच हवं. जेमतेम साडेतीन-चार मिनिटांचा आहे, नाव कोलमनवंडर. जॅझ सॅक्सोफोनवाला ऑर्नेट कोलमन, त्याच्या दोन चाली आणि अमेरिकन गायक स्टीव्ही वंडरचं सर ड्यूक हे गाणं, एकाला एक जोडलेले. डॉन चेरी १९५० च्या दशकाच्या शेवटी कोलमनच्याच चौकडीत होते, ज्या संगीतावरून तेव्हा अमेरिकेत भांडणं झाली त्यात ट्रम्पेट यांचंच. आणि सर ड्यूक म्हणजे १९७६ चं एकदम लोकप्रिय गाणं, जॅझमधला थोर संगीतकार ड्यूक एलिंग्टनला वाहिलेलं. म्हणजे ज्या माणसानं सगळे नियम मोडून बघितले तोच दोन वर्षांपूर्वीचं रेडिओवरचं गाणं तितक्याच प्रेमानं वाजवतोय, आणि ते सतारीवरही येतंय! सतारीवर ती चाल ऐकताना मी एकटीच हसत होते, इतकं छान वाटलं. यात थट्टा नाही, कुणाची नक्कल नाही. लहान मुलं गल्लीत एकमेकांना चाली शिकवतात तसं आहे ते.

त्याच्या पुढचं मुमाकाता. त्यात तिघं गातातही. शब्द कुठल्याच भाषेचे वाटत नाहीत मला, पण आई मागून येऊन उभी राहिली आणि टाळी धरायला लागली, बरोबर जागेवर. मला अजून ती जागा मोजून सापडत नव्हती.


रविवार, दुपारी

कपाटावरून तबला काढला. सोळा-सतरा वर्षांनी. चुंबळीचं कापड विरलंय, डग्ग्याच्या पुडीला कडेनं बुरशीसारखे डाग आलेत आणि शाईला एक बारीक चीर. तबला मात्र बरा आहे. पावसाळी हवेनं पूर्ण उतरलेला, चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेला, बोट मारलं तर नुसता धप्प. हातोडी सापडेना, शेवटी आईनं खलबत्त्यातला बत्ता दिला, फडक्यात गुंडाळून वाद्यांखालचा एकेक लाकडी गट्टा ठोकत गेले, ठोकायचं, चाटेवर बोट, ऐकायचं, पुढच्या घरावर जायचं. पुडीच्या कडेनं अशी सोळा घरं. गजऱ्यावरून हात फिरवला तर वादीचा तोच वास, कातड्याचा आणि पावडरीचा. हात थरथरत होता हे लिहायला मला काही वाटत नाही.

पूर्ण चढवला नाही, पुडी जुनी आहे, फाटेल. जेवढा एकसारखा बोलायला लागला तेवढ्यावर थांबले.

मग शेवटचा तुकडा लावला, न्यू लाइट, सगळ्यात मोठा, तेरा मिनिटांच्या वरचा. मोजायचं नाही असं ठरवून बसले. पहिली काही मिनिटं हात पुडीच्या वर नुसता धरून ठेवला होता. एके ठिकाणी जागा रिकामी वाटली तिथे एक 'ना' वाजवला. मग बराच वेळ काही नाही. मग अजून एक 'तीं', हलक्या बोटानं. आई सोफ्यावर बसून ऐकत होती. एकूण तेरा मिनिटांत मी वीस-बावीस बोल वाजवले असतील, ठेका एकदाही नाही, आणि संपलं तेव्हा पाठ घामानं ओली झाली होती.

नंतर वॉलकॉटांबद्दल वाचलं ते आधी वाचलं नाही हे बरं झालं. ८ नोव्हेंबर १९८४ ला पूर्व जर्मनीत माग्डेबुर्गजवळ बसच्या अपघातात गेले, ओरेगन या त्यांच्या दुसऱ्या ग्रुपबरोबर दौऱ्यावर असताना. एकोणचाळीस वर्षांचे होते. कोडोनाचे एकूण तीनच अल्बम झाले, दुसरा १९८० मध्ये आणि तिसरा १९८२ मध्ये रेकॉर्ड केलेला. डॉन चेरी १९९५ मध्ये गेले. तिघांतलं आता कुणीच नाही. मी माझ्या वयाशी हिशोब केला आणि थोडा वेळ फोन उलटा ठेवून दिला.


रविवार, रात्री

भाच्याला फोन केला. म्हणाला, "मावशी, तुला आवडेल असं वाटलं होतं पण इतकं?" मी त्याला पावरीचं सांगितलं, भोपळ्यांचं सांगितलं, तो गणपतीत येणार आहे तेव्हा आजीला घेऊन सुरगाण्याला जाऊ म्हणतोय. आई लगेच म्हणाली की डोंगऱ्यादेव मार्गशीर्षात असतो, भाद्रपदात जाऊन कोण पावरी वाजवणारे. तरी कुठली पातळ साडी घालायची ते तिनं ठरवून ठेवलंय.

डग्गा पुडी बदलायला न्यायचाय. आमचे जुने तबला दुरुस्तीवाले आता नाहीत, त्यांचा मुलगा करतो म्हणे, पलुस्कर सभागृहाच्या बाजूला विचारायचं. पाणी उतरलं की जाईन. आता मारुतीच्या कमरेला लागलंय.