दुपारी एकचे म्युऑन

संभाजीनगर, मे महिना, पत्र्याच्या छताखालची खोली. प्लास्टिक सिंटिलेटरचे (कण आरपार गेला की चमकणारं प्लास्टिक) ३० बाय ३० सेंटिमीटरचे दोन तक्ते, बाहेरचा उजेड शिरू नये म्हणून गुंडाळलेले, मध्ये २० सेंटिमीटर अंतर, प्रत्येकाला एक पीएमटी, म्हणजे ती चमक टिपून विजेची पल्स देणारी नळी. दोन्हींच्या १०० नॅनोसेकंद रुंद पल्स एकमेकींवर आल्या तरच म्युऑन, म्हणजे कॉस्मिक किरणांमुळे वरून सतत येणारा कण, दोन्हींतून गेला असं धरायचं. रात्री १० मिनिटांत ४,२०० नोंदी आल्या. दुपारी एकला १६,२००.

"मॅडम, उन्हात म्युऑन चौपट व्हायलेत!" विद्यार्थी खूश.

हवेचा दाब, तापमान बदललं तर जमिनीवरचे म्युऑन फार तर काही टक्क्यांनी हलतात. चौपट म्हटलं की आधी यंत्राकडे बघायचं.  

मग एकेका तक्त्याचा सुटा दर पाहिला, म्हणजे दुसऱ्याशी जुळो न जुळो, त्याच्या एकट्याच्या पल्स किती. रात्री सेकंदाला २००, आता १०,०००. योगायोगाने जुळणाऱ्या जोड्या म्हणजे दोन्ही दरांचा गुणाकार, गुणिले पल्सची दुप्पट रुंदी. रात्री हा आकडा सेकंदाला ०.००८, म्हणजे नगण्य. दुपारी २०, १० मिनिटांत १२,०००. वरचा सगळा फुगवटा इथेच निघाला. तरी कागदावर विसंबायला नको म्हणून एका बाजूला ५० मीटर को-ॲक्सिअल केबलचं बंडल जोडलं. मीटरला ५ नॅनोसेकंद, म्हणजे २५० नॅनोसेकंदांचा उशीर. आता खरा म्युऑन जुळूच शकत नाही. तरी १० मिनिटांत १२ हजारांच्या आसपास जोड्या आल्याच.

दोन्ही तक्त्यांवर काळी चादर टाकली आणि सुटे दर धाडकन २०० वर आले. म्हणजे उजेड शिरत होता. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च शिवणींवरून हळूहळू फिरवला. पीएमटी जिथे तक्त्याला चिकटते त्या कोपऱ्यावर काउंटर उसळला, दोन्हींत तिथेच. उन्हाने चिकटपट्टीचा डिंक मऊ पडून कड उचलली होती. दोन्हींना पट्टी एकाच रिळाची.

पट्टी काढण्याआधी हाय व्होल्टेज बंद. चालू पीएमटीवर उघडा उजेड पडला तर ती कायमची जाऊ शकते, आणि घाईत लोक नेमकं हेच विसरतात. ॲल्युमिनियम फॉइल शाबूत होतं, काळा कागद बदलला, नवी पट्टी प्रत्येक फेरा निम्मा आधीच्यावर चढवून गुंडाळली. कोपऱ्यांवर तिहेरी, कारण पट्टी वळते तिथेच फट राहते. पुन्हा टॉर्च फिरवला, या वेळी काउंटर हलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला, चादर न टाकता: ४,१६२. इतक्या नोंदींत ६५ (साधारण नोंदींचं वर्गमूळ) इकडेतिकडे चालतात.