आधी अंदालुसिया, मग पुस्तकं, मग बॅग

स्पेनला जायचं म्हटलं की लोक आधी विमानाची तिकिटं बघतात. मला वाटतं, त्याआधी एकच प्रश्न सोडवावा: कुठल्या स्पेनला? बार्सिलोनाच्या कातालोनियाची भाषा वेगळी, बिल्बाओकडच्या बास्क मुलखाची तर कुणाशीच नातं न सांगणारी. पावसाळी गालिसियात ताटभर मासळी आणि खाली दक्षिणेला अंदालुसियात ऊन, ऑलिव्ह आणि अरबी कमानी. हे सगळं एका सहलीत कोंबलं की विमानतळच जास्त आठवतात. मी आणि माझी मोठी बहीण, आम्ही ऑक्टोबरची अखेर आणि नोव्हेंबरची सुरुवात निवडली, आणि माद्रिदहून खाली उतरत ला मांचा नि अंदालुसिया एवढंच करायचं ठरवलं. प्रदेश ठरल्यावर काय वाचायचं, काय खायचं, पायांत काय घालायचं, याची उत्तरं आपोआप मिळत गेली.

ला मांचा म्हटल्यावर पहिलं पुस्तक ठरलेलंच. स्पॅनिश लेखक सेर्वांतेसच्या ‘दोन किहोते’ (आपल्याकडचा ‘डॉन क्विक्झोट’) या ला मांचातल्याच एका माणसाच्या कादंबरीचा पहिला भाग १६०५ साली आला, दुसरा १६१५ साली. दोन्ही मिळून हजाराच्या आसपास पानं होतात, म्हणून बरेच जण घाबरतात. घाबरू नका. एडिथ ग्रॉसमन यांचा २००३ सालचा इंग्रजी अनुवाद घ्या, तो झरझर वाचला जातो. निघण्याआधी पहिल्या भागाची आठ प्रकरणं तेवढी वाचा, कारण पवनचक्क्यांना राक्षस समजून भाला उगारण्याचा प्रसंग आठव्यात येतो. बाकीचं किंडलवर ठेवून रेल्वेत, बसमध्ये वाचावं. ताईने तसंच केलं. तिच्यापुरता दोन किहोतेचा सेवक सांचो पांझा हा या प्रवासातला तिसरा माणूस झाला. दर जेवणाला ती म्हणायची, “सांचो असता तर त्यानं काय मागवलं असतं गं?”

माद्रिदमध्ये पुस्तकवेड्यांनी दोन जागा चुकवू नयेत. एक, बोटॅनिकल गार्डनच्या कुंपणाला लागून चढत जाणारी कुएस्ता दे मोयानो. जुन्या पुस्तकांची लाकडी दुकानं तिथे १९२५ पासून ओळीने उभी आहेत. स्पॅनिश येत नसलं तरी जुने नकाशे, पाककृतींच्या पुस्तिका, लहान मुलांची चित्रांची पुस्तकं चाळण्यात सकाळ जाते. दुसरी, बार्रिओ दे लास लेत्रास, म्हणजे साहित्यिकांची वस्ती. सेर्वांतेस याच वस्तीत राहिला, इथेच १६१६ साली वारला. इथल्या उएर्तास रस्त्याच्या फरसबंदीत लेखकांची वचनं धातूच्या अक्षरांत बसवली आहेत. लोक त्यावरून भाजीच्या पिशव्या घेऊन चालत असतात. मला ते फार आवडलं.

तोलेदोहून बसने कोन्सुएग्रा गाठलं. उघड्या टेकडीवर बारा पवनचक्क्या आणि एक किल्ला, चहूकडे सपाट तांबूस रान. पण आम्ही तिथे गेलो होतो ते केशरासाठी. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याअखेरीस या गावात केशराच्या फुलांचा उत्सव असतो. फुलं पहाटे खुडतात, ऊन चढून ती मलूल व्हायच्या आत. आणि त्याच दिवशी त्यातले लाल तंतू काढावे लागतात. एका टेबलापाशी चार-पाच म्हाताऱ्या बायका जांभळ्या फुलांच्या ढिगासमोर बसल्या होत्या. डाव्या हातात फूल, अंगठ्याच्या नखाने देठ बरोबर हवा तिथे तोडायचा, उजव्या चिमटीने तिन्ही तंतू एकत्र ओढायचे आणि बशीत टाकायचे. देठ जास्त खाली तोडला तर पिवळा भाग सोबत येतो आणि मालाची प्रत उतरते. फार वर तोडला तर तिन्ही तंतू सुटे होतात. एका आजींनी ताईला शेजारी बसवून घेतलं. ताईचं एक फूल होईपर्यंत त्यांची सात-आठ होत होती, आणि बोलणं सुरूच. नंतर हे तंतू मंद आचेवर चाळणीत वाळवतात, त्यात वजन जेमतेम पाचवा हिस्सा उरतं. एक ग्रॅम केशराला दीडशेच्या वर फुलं लागतात, हे वाचून माहीत होतं. तो ढीग आणि ती बशी शेजारी-शेजारी पाहिल्यावर भावाबद्दल घासाघीस करण्याची इच्छाच उरली नाही.

केशर विकत घेताना डबीवर ‘आसाफ्रान दे ला मांचा’ या संरक्षित नावाचं आणि क्रमांकाचं लेबल आहे ना, ते बघा. पर्यटकांच्या दुकानांत नुसतं ‘स्पॅनिश केशर’ लिहिलेल्या स्वस्त डब्या असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आणि पूड कधीही नको, तंतूच घ्या.

आता खाण्याकडे वळते, कारण आम्ही दोघी शाकाहारी (अंडं चालतं) आणि निघण्यापूर्वी प्रत्येकाने आम्हाला ‘तिकडे उपाशी राहाल’ अशी भीती घातली होती. अंदालुसियात शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, फक्त त्याला नेमकं विचारता आलं पाहिजे. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. हाम (डुकराचं खारवलेलं मांस), म्हणजे तिथला हामोन, अनेकांच्या लेखी चवीपुरता घालायचा जिन्नस आहे. मिश्र सॅलडमध्ये न सांगता ट्यूना मासा येतो. म्हणून ‘सिन हामोन, सिन आतून’ (हाम नको, ट्यूना नको) हे चार शब्द पाठ करून जा. पालक किंवा डाळीच्या पदार्थात मांसाचं पाणी घातलंय का, हेही विचारा. आम्हाला कुणी तोंड वाकडं केलं नाही. उलट कोर्दोबातल्या एका बारमधले काका दोनदा स्वयंपाकघरात जाऊन विचारून आले.

त्या बारमध्ये आम्ही साल्मोरेहो खाल्लं. पिकलेले टोमॅटो, शिळा पाव, लसूण, मीठ आणि भरपूर ऑलिव्ह तेल एकत्र घोटून केलेलं गार, दाट, केशरी रंगाचं सार. वर उकडलेल्या अंड्याचे तुकडे आणि हाम घालतात, हाम अर्थातच नको सांगायचा. सोबत आली वांगी. पातळ चकत्या पिठात घोळवून तळलेल्या, आणि वरून उसाची काकवी. हो, काकवीच! मालागा जिल्ह्यातल्या फ्रिखिलियाना गावात ती अजूनही तयार होते. गरम, खारट, कुरकुरीत वांगं आणि त्यावर काळी गोड धार. आपण वांग्याचे काप इतक्या निगुतीने करतो आणि घरात काकवीही असते, तरी ही जोडी आपल्याला सुचली नाही याचं मला खरंच नवल वाटलं. घरी परतल्यावर पहिल्या रविवारी केली आणि सगळ्यांनी ताटं चाटूनपुसून संपवली.

वेळेचं मात्र गणित सांभाळा. दुपारचं जेवण दोन ते साडेतीन, रात्रीचं नऊनंतर. संध्याकाळी सहाला भूक लागली तर बहुतेक स्वयंपाकघरं बंद असतात. कामाच्या दिवशी दुपारी ‘मेनू देल दिया’ घ्यावा. दोन पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी, सगळं ठरावीक दरात. आम्ही दुपारी भरपेट जेवायचो आणि रात्री तोर्तिया, म्हणजे बटाटा-अंड्याचं जाड थालीपिठाएवढं ऑम्लेट, नाहीतर टोमॅटो चोळलेला पाव, एवढ्यावर भागवायचो.

कोर्दोबाहून ग्रानादाला रेल्वेने न जाता बसने जा, असं मी आवर्जून सांगेन. खिडकीतून डोंगर उतरून डोंगर चढेपर्यंत फक्त ऑलिव्हची झाडं दिसतात, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी ओळीत लावलेली. शेजारचा हाएन प्रांत तर ऑलिव्ह तेलासाठी जगात पहिला. आम्ही गेलो तेव्हा तोडणीचा हंगाम नुकताच लागत होता. तेल घेताना बाटली गडद काचेची किंवा पत्र्याचा डबा, वर ‘विर्हेन एक्स्ट्रा’ आणि कुठल्या हंगामाचं ते साल, एवढं पाहावं. पिकुआल जातीचं ताजं तेल घशाला थोडं झोंबतं. तो दोष नाही, ताजेपणाची खूण आहे.

ग्रानादात पुस्तक आणि बूट, दोन्हींचा कस लागतो. अल्हांब्रा या जुन्या अरबी राजवाड्याचं तिकीट आधी काही आठवडे काढावंच लागतं. त्यावर नाव असतं, पासपोर्ट बघतात आणि आतल्या नासरी सुलतानांच्या महालांत शिरायची वेळ ठरलेली असते, ती चुकली की चुकली. अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्विंग १८२९ साली या महालातच मुक्कामाला होता. ज्या खोल्यांत तो राहिला तिथे पाटी आहे. त्याचं ‘अल्हांब्रा’ १८३२ चं. त्यात इतिहासापेक्षा दंतकथाच जास्त, पण त्या त्याने तिथल्याच माणसांकडून ऐकल्या होत्या. आदल्या रात्री त्यातली एखादी कथा वाचून जावं. सिंहांच्या चौकात बारा संगमरवरी सिंहांच्या तोंडून पाणी पडताना पाहिलं की ते पाणी डोंगरावरून दार्रो नदीचा पाट काढून इथवर आणलंय, हेही लक्षात ठेवा. मला तो पाट महालाइतकाच थोर वाटला.

दुसरा लेखक अर्थात फेदेरिको गार्सिया लोर्का. त्याच्या कुटुंबाचं उन्हाळ्यातलं घर, उएर्ता दे सान विसेंते, आता शहरातल्याच एका बागेत आहे. पांढऱ्या भिंती, हिरव्या खिडक्या, आत त्याचा पियानो आणि लिहिण्याचं टेबल. ऑगस्ट १९३६ मध्ये यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच त्याला शहराबाहेर नेऊन गोळ्या घातल्या. त्याचा देह अजून सापडलेला नाही. गोविंद निहलानींचा ‘रुक्मावती की हवेली’ हा चित्रपट पाहिला असेल तर लोर्काच्या घराच्या बंद दारांशी तुमची ओळख आधीच झाली आहे. तो त्याच्या ‘बेर्नार्दा आल्बाचं घर’ या नाटकावरचा. जाण्याआधी ते नाटक वाचा. छोटं आहे, एका बैठकीत होतं, आणि नंतर अंदालुसियातली प्रत्येक ओढलेला पडदा वेगळा दिसतो.

बुटांचं सांगते. आल्बायसिन ही ग्रानादाची जुनी वस्ती टेकडीवर आहे आणि तिच्या गल्ल्यांत गोल गुळगुळीत गोटे उभे रोवलेले आहेत. पातळ तळव्याच्या चपला तिथे निरुपयोगी, आणि चाकांची मोठी बॅग म्हणजे शिक्षाच. जाड, घट्ट पकडीच्या तळव्याचे, आधी महिनाभर वापरलेले बूट आणि पाठीवर मावेल एवढंच सामान न्या. ग्रानादा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर, मागे सिएर्रा नेवादाचे डोंगर, त्यामुळे संध्याकाळी अंगावर गरम काहीतरी लागतंच. त्याच आठवड्यात सेव्हियात दुपारी सुती कुर्त्यातही घाम येत होता. म्हणून एक जाड जाकीट नेण्यापेक्षा एकावर एक घालता येतील असे पातळ कपडे बरे. चर्चसाठी खांदे झाकणारी ओढणी आम्ही कायम जवळ ठेवली, तिचा थंडीतही उपयोग झाला. आपली बारीक दोन पिनांची प्लग तिथे सहसा चालते, तीन पिनांच्या प्लगला अडॅप्टर लागतो. बऱ्याच खोल्यांत पाणी उकळायची सोय नसते, तेव्हा सकाळचा चहा ज्यांना हातात लागतो त्यांनी छोटी केटल न्यावी. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, खाखरे खुशाल न्या. पण तूप, पेढे, पनीर, दुधाची पावडर युरोपात नेऊ देत नाहीत, आणि ताजी फळं-कढीपत्ताही नको. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण असलेला प्रवास विमा लागतो, तो आधी काढा.

सेव्हियाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, म्हणून मी एकच सांगते. सान लेआंद्रोच्या मठात नन्स मिठाई विकतात, पण त्या दिसत नाहीत. भिंतीत एक लाकडी फिरतं कपाट असतं. घंटी वाजवायची, आतून एक म्हातारा आवाज मेरीमातेचं नाव घेतो, आपण पैसे कपाटात ठेवायचे, ते फिरतं आणि पुठ्ठ्याचा खोका घेऊन परत येतं. आत येमास, म्हणजे अंड्याचा पिवळा बलक आणि साखर यांच्या मऊ गोळ्या. भयंकर गोड. ताईला फार आवडल्या, मला एक पुरली.

आणि सेव्हियाहून एक दिवस काढून मोगेरला जा. हुआन रामोन हिमेनेस या कवीचं हे गाव. त्याचं ‘प्लातेरो आणि मी’ (१९१४) म्हणजे एका करड्या गाढवाशी केलेलं हितगुज, पान-दीड पानांची प्रकरणं. प्रवासात वाचायला यासारखं दुसरं पुस्तक नाही. गावात भिंतींवर त्यातले उतारे फरश्यांवर लिहून लावलेत, ते वाचत वाचतच गाव फिरून होतं. त्याची पत्नी सेनोबिया कांप्रुबी हिने रवींद्रनाथ इंग्रजीवरून स्पॅनिशमध्ये आणले आणि त्या भाषेवर हुआन रामोनने हात फिरवला. पहिलं पुस्तक १९१५ मध्ये निघालं आणि मग अनेक. स्पॅनिश वाचकांच्या पिढ्याच्या पिढ्या रवींद्रनाथ वाचत आल्या त्या या बाईमुळे. १९५६ साली हुआन रामोनला नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांनी सेनोबिया गेली. हुआन रामोनच्या कुटुंबाचं घर आता संग्रहालय आहे, त्याच्या नावात मात्र दोघं आहेत. भारतातून जाणाऱ्या माणसाने तरी हे घर चुकवू नये.

परतीच्या सामानात केशर, पिकुआलचा एक डबा आणि पिमेंतोन दे ला वेराच्या पत्र्याच्या डब्या होत्या. ही कासेरेस प्रांतातली तिखटपूड. मिरच्या ओकच्या धुरावर दहा-पंधरा दिवस वाळवतात, तो धूर चवीत उतरतो. गोड, मध्यम आणि तिखट असे तीन प्रकार मिळतात. गोड घ्या, बटाट्याच्या काचऱ्यांवर शेवटी भुरभुरवा. तिखटपणासाठी आपली मिरची आहेच.

पुढच्या खेपेला उत्तर करायची आहे, आणि सुरुवात नवारातल्या हावियेर किल्ल्यापासून. सेंट फ्रान्सिस झेवियर १५०६ साली तिथे जन्मले, १५४२ मध्ये गोव्यात उतरले आणि आज ओल्ड गोव्यात बॉम जेझूमध्ये आहेत. आमच्या आजोळच्या वाटेवरचं ते चर्च लहानपणापासून पाहिलेलं, पण त्या रस्त्याचं दुसरं टोक पाहायचं राहिलंय. तिकडे पाऊस फार, म्हणून रेनकोट आणि पाण्यात टिकणारे बूट घेऊन झालेत. तुदेलाच्या आसपासच्या भाज्यांची ख्याती ऐकून आहे, त्यामुळे जेवणाची काळजी नाही. पुस्तकांचं मात्र ठरायचंय. बास्क किंवा नवाराबद्दल तुम्ही मनापासून सुचवाल असं काही वाचलं असेल तर खाली जरूर लिहा.