मूळव्याधीसाठी तांबरम

चेन्नईचे पहिले तीन दिवस मरिना, मैलापूर आणि घाम यांतच संपले. चौथ्या दिवशी चेन्नई बीच स्टेशनहून तांबरमला जाणारी लोकल पकडली आणि एक स्टेशन अलीकडे, सॅनेटोरियमला उतरलो. राष्ट्रीय सिद्ध संस्थान इथलं, २००५ साली सुरू झालेलं; सिद्ध म्हणजे तमिळ मुलखाची पारंपरिक वैद्यकी, आपल्या आयुर्वेदासारखी. त्याच्या रुग्णालयाला अयोत्तिदास पंडितरांचं नाव आहे. आपल्याकडे ज्यांना ते ठाऊक असतात, त्यांना दलित विचारवंत म्हणून; पण पोटापाण्याचा त्यांचा धंदा सिद्ध वैद्यकीचाच.

तमिळमध्ये मूळव्याधीला नुसतं ‘मूलम्’ म्हणतात. ग्रंथांत तिचे २१ प्रकार मोजलेत. ते राहू द्या; बघण्यासारखी असते ती ‘नेय्क्कुरी’, म्हणजे लघवीवर तेल सोडून दोष ओळखायची रीत. पहाटेची पहिली लघवी काचेच्या भांड्यात घेतात आणि उजेडात, पण वाऱ्याच्या आड, न हलवता ठेवतात. तिच्यावर काडीने तिळाच्या तेलाचा एकच थेंब सोडायचा. थेंब सापासारखा लांबला तर वात, अंगठीसारखा पसरला तर पित्त, मोत्यासारखा जागच्या जागी राहिला तर कफ. लघवी तासन् तास तशीच पडलेली असेल किंवा भांड्याला धक्का लागला, तर ते वाचन फुकट. दृश्य देखणं आहे, कबूल. पण तेलाच्या थेंबावरून मूळव्याधीचे कोंब दिसत नाहीत. त्यासाठी तपासणीच हवी. आतड्याचा कर्करोगही असाच रक्ताने तोंड दाखवू शकतो, आणि लोक मात्र लाजेपायी वर्ष वर्ष चूर्णं खात बसतात.

खरा जीव आहे तो ‘तुत्ती’त. म्हणजे आपली पेटारी, चक्रासारख्या फळांची, जी गावाकडे उकिरड्यावरही उगवते. शेकासाठी मूठभर कोवळी पानं धुवायची आणि फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करायची. ओली राहिली की एरंडेल तडतडून हातावर उडतं. लोखंडी तव्यात दोन चमचे एरंडेल, आच मंद. पानं मऊ पडली, रंग गडद झाला की लगेच उतरवायची. कुरकुरीत झाली तर ती बांधून उपयोग नाही, उलट टोचतात. मग जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात पुरचुंडी करायची, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची, सोसवली तरच जागेवर ठेवून रात्रभर लंगोट. घाई इथेच नडते. आधीच सुजलेल्या नाजूक जागेला चटका बसला की मूळ दुखणं परवडलं म्हणायची पाळी. बाहेर आलेल्या कोंबाची सूज आणि ठणका याने उतरतो, असं तिकडे मानतात. आतल्या कोंबापर्यंत हा शेक पोचत नाही आणि भळभळतं रक्तही थांबवत नाही. उरलेला पाला मूगडाळ आणि सांबार कांद्याबरोबर शिजवून भातावर घेतात. चव बेताची, थोडी बुळबुळीत.

बाजारात मात्र सगळे धावतात ‘करुणै लेहियम’ या लेह्याकडे, म्हणजे चाटणाकडे. करुणै म्हणजे सुरणाचा लहान, जास्त खाजरा भाऊ. मोठ्या सुरणाला तिकडे ‘सेनै’ म्हणतात. घरी रांधताना तांदळाच्या धुवणात उकडून वर चिंच घालतात, आपण कोकम किंवा चिंच घालतो तसंच. नाहीतर त्यातले ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घसा धरतात. लेह्यात गुळाचा पाक, सुंठ-मिरी-पिंपळी, तूप, आणि गार झाल्यावर मध. पाकाचा थेंब पाण्यात विरघळला तर तो कच्चा, बरणीला बुरशी धरणार. फार पुढे गेला तर चमचा वाकेल पण लेह्य निघायचं नाही. मात्रा साधारण सुपारीएवढी, पाच ग्रॅम, जेवणानंतर दोनदा.

माझी तक्रार इथे आहे. एका दुकानात अर्ध्या किलोची बरणी हातात ठेवली, पैसे घेतले, आणि ‘साखर आहे का?’ एवढंही कोणी विचारलं नाही. गुळाचं औषध मधुमेह्याला असं विकतात! शेजारच्या फळीवर गोगलगाईच्या शिंपल्याचं भस्म सुट्या पुडीत, वर ना बनवणाऱ्याचं नाव ना तारीख. ते मी घेतलं नाही, तुम्हीही घेऊ नका.

आणि ‘पत्तियम’, म्हणजे पथ्य: कोंबडी बंद, लाल मिरची बंद, ताक भरपूर, संडासात कुंथत बसणं बंद. याचे पैसे पडत नाहीत, म्हणून बहुतेक हेच पाळलं जात नाही. परतीच्या वाटेवर, संध्याकाळी, रुळांच्या कडेला पेटारीची पिवळी फुलं उमललेली होती; दुकानात तिच्याच वाळक्या पाल्याला वजनावर भाव होता.