बीआरएम नोंद: स्टार्टपर्यंतही सायकलनेच

सीझनच्या सुरुवातीला ठरवलेला नियम अजून मोडलेला नाही, म्हणून ही नोंद. नियम साधा आहे: राइडला पोचण्यासाठी पेट्रोल जाळायचं नाही. 200 आणि 300 किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड्स, झाल्या, 400 पुढे आहे. दोन्ही वेळा निगडीतल्या घरातून सायकलवरच निघालो आणि सायकलवरच परतलो.

हे डोक्यात घुसलं ते हिशेबामुळे. एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरला 45 देणारी स्कूटर म्हणजे किलोमीटरला 50 ग्रॅम. माझं ऑफिस जाऊन-येऊन 20 किलोमीटर, म्हणजे सायकलने गेलं की दिवसाला एक किलो वाचतो. आता स्टार्ट 40 किलोमीटरवर आहे आणि मी मागे रॅक लावून एकटाच कारने गेलो असं धरा. लिटरला 15 च्या हिशेबाने जाता-येता साधारण सव्वापाच लिटर, म्हणजे बारा किलो. दोन-अडीच आठवड्यांच्या ऑफिसवाऱ्यांची बचत एका रविवारी साफ. पहाटे स्टार्टला लागलेली गाड्यांची रांग बघितली की हा बारा किलोचा आकडा मला आता दिसायलाच लागतो.

200 चा मार्ग कात्रज, खंबाटकी करत साताऱ्याकडे. आदल्या संध्याकाळी आरामात पेडल मारत धनकवडीला मामांकडे मुक्कामाला गेलो. मामींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून ठेवली होती. सुती फडक्यात बांधून ती हँडलबार बॅगेत, सोबत गुळाची चिक्की आणि खारे दाणे. एकही एनर्जी जेलचं पाकीट घेतलं नाही. खंबाटकीच्या चढाआधी थांबून अर्धी दशमी खाल्ली, वर पोचल्यावर उरलेली. पोट जड वाटलं नाही, पायांत जोर शेवटपर्यंत होता. 200 ला साडेतेरा तास मिळतात. या वेगात आणि या खाण्यावर ते भरपूर आहेत. चिकट रिकामी पाकिटं जर्सीच्या खिशात कोंबून फिरायचंही राहिलं नाही. 300 लाही हेच खाणं, फक्त केळी वाढवली.

300 मध्ये अंधारात मागचा टायर बसला. काच नव्हती, टायर फुटून हायवेवर पडतात त्यातली तारेची बारीक काडी होती. हेडलॅम्पच्या उजेडात टायरच्या आतून बोट फिरवल्यावर टोचली, नखाने निघेना, शेवटी चिमट्याने ओढली. ट्यूब बदलली आणि जुनी जपून घरी आणली. दुसऱ्या दिवशी घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडा शोधला, पॉलिश पेपरने घासून पॅच लावला. आता तीच ट्यूब स्पेअर म्हणून बॅगेत आहे. चेनची झीज गेजने मोजली, अजून 0.5 टक्क्याच्या आत आहे. वेळेवर चेन बदलली की कॅसेट, म्हणजे मागच्या चाकाची दातेरी चक्रं, वाचते, हे नव्या मंडळींनी लिहूनच ठेवावं.

बीआरएममध्ये रायडरच्या मागे मदतीची गाडी ठेवता येत नाही, मदत घ्यायची तर कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या थांब्यांवर. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. राममध्ये, म्हणजे रेस अक्रॉस अमेरिकामध्ये, उलट आहे: जवळपास 4,800 किलोमीटर, आणि रात्री सायकलच्या मागे क्रूची गाडी सक्तीची. अमेरिकेतल्या अंधाऱ्या रस्त्यांवर ते सुरक्षेसाठी गरजेचंच आहे. 2015 मध्ये नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी ती पूर्ण केली तेव्हा आपण सगळेच हरखलो होतो, आणि तो आदर आजही तसाच आहे. पण त्या प्रकारात प्रत्येक किलोमीटरला इंजिनही चालतं, हेही खरं.

प्रो शर्यतींचं तर विचारूच नका. 2018 ची जिरो द'इटालिया, म्हणजे इटलीची मोठी शर्यत, जेरुसलेममधून सुरू झाली. तीन दिवस इस्रायलमध्ये, मग अख्खा लवाजमा विमानाने सिसिलीला. टूर द फ्रान्समध्ये 1930 पासून रायडर्सच्या पुढे जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा धावतो. आणि एप्रिल 2021 मध्ये यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, कचऱ्याचा नियम कडक केला, तेव्हा टूर ऑफ फ्लँडर्समध्ये स्विस रायडर मिखाएल शेअरला प्रेक्षकांकडे बाटली टाकल्याबद्दल शर्यतीतून काढलं. लहानपणी टूर बघताना अशीच एक बाटली मिळाली आणि आपण सायकलिंगकडे वळलो, असं त्याने नंतर लिहिलं. बाटलीचा नियम योग्यच आहे, घाटात कचरा नकोच. पण विमानं आणि गाड्या तशाच ठेवून बाटलीवर शिस्त दाखवणं मला पटत नाही. नियम पुढे दोन आठवड्यांत सौम्यही झाला.

टूर द फ्रान्सच्या आयोजकांच्याच हिशेबात मात्र सर्वांत मोठा वाटा प्रेक्षकांच्या प्रवासाचा निघतो. जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, भारतातली पहिली यूसीआय 2.2 दर्जाची स्टेज रेस, म्हणजे अनेक टप्प्यांची शर्यत. आपल्या रोजच्या रस्त्यांवरून पेलोटॉन, म्हणजे रायडर्सचा घोळका, सुसाट जाताना बघून अंगावर काटा आला. ही शर्यत दरवर्षी व्हावी असं मला मनापासून वाटतं. फक्त बघायला जाताना ग्रुपने सायकलवर जायचं, हे आपल्या हातात आहे.

आता पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, फ्रान्समधली अशीच लांब पल्ल्याची राइड. पुढची 2027 मध्ये, 1,200 किलोमीटर, 90 तास. त्या वर्षी पूर्ण एसआर, म्हणजे 200, 300, 400 आणि 600 ची मालिका, केली की पात्रता मिळते. मुंबई-पॅरिस विमानाने साधारण 7,000 किलोमीटर. जाऊन-येऊन इकॉनॉमीच्या एका सीटमागे टनभर कार्बन डायऑक्साइड तरी धरावाच लागतो. दिवसाला एक किलो वाचवणाऱ्या माझ्यासारख्याला तेवढा भरून काढायला चार वर्षं रोज ऑफिसला सायकल चालवावी लागेल. खूप विचार केला. ज्यांचं ते आयुष्यभराचं स्वप्न आहे त्यांनी जरूर जावं. मी अर्ज करणार नाही. भारतात 1,000 आणि 1,200 च्या राइड्स होतात, तिथे मी रेल्वेने सायकल नेईन.

त्याआधी 400. सत्तावीस तास, पूर्ण रात्र रस्त्यावर. डायनॅमो हब (चाक फिरताना दिव्याला वीज देणारा) लावलेलं चाक तयार आहे, मागे दोन लाल दिवे, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट धुऊन ठेवलंय. पुढचा टायर बदलायचा आहे. पिंपरी-चिंचवडकडून आणखी कोणी सायकलनेच स्टार्टला येणार असेल तर आदल्या दिवशी दुपारी चारला निगडीहून सोबत निघू. मामांकडे आणखी दोघांची सोय होते, विचारून ठेवलंय.