गोल्डफिशवरचा आळ

गोल्डफिशच्या टँकमध्ये खरी झाडं लावायची म्हटलं की आमच्या टँक सांभाळायच्या लाइनमधले लोक हसतात. 'प्लॅस्टिकची टाका, धुवा आणि परत लावा' हा ठरलेला सल्ला. त्यात तथ्य नाही असं नाही. गोल्डफिश कार्पच्या कुळातला. त्याला जठरच नसतं, त्यामुळे दिवसभर काही ना काही चरत राहणं हा त्याचा उद्योग. कबोंबासारखी कोवळी पाणवनस्पती तो रात्रीत फस्त करतो, वाळू तोंडात घेऊन चाळतो आणि थुंकतो, आणि त्या नादात रोपं मुळासकट उपटून ठेवतो. तेव्हा टँकमधली झाडं मेली की आरोपी आधीच ठरलेला असतो.

कोथरूडमधल्या लहान मुलांच्या एका दवाखान्यातून बोलावणं आलं ते याच तक्रारीसाठी. वेटिंग रूममध्ये तीन फुटी टँक, त्यात दोन रेडकॅप, एक ब्लॅक मूर आणि दोन शुबंकिन, सगळे गोल्डफिशचेच प्रकार. (ही जोडणी मी केली नसती. शुबंकिन चपळ, खाद्य पडताच तेच पळवतात, आणि गोलमटोल रेडकॅप मागून उरलंसुरलं वेचत बसतात.) डॉक्टर मॅडम स्पष्ट बोलणाऱ्या. "आधीच्या माणसाने कितीदा झाडं लावली, सगळी यांनी खाल्ली. मुलं सुई टोचून घ्यायच्या आधी इथेच उभी असतात, त्यांना प्लॅस्टिक काय दाखवू? आज बघून सांगा. झाडं टिकणार नसतील तर हे मासे घेऊन जा आणि छोटे टेट्रा आणून सोडा."

फरशी पुसत असलेल्या मावशींचा हात तिथेच थांबला. त्या काही बोलल्या नाहीत, पण बादली उचलून लांब गेल्याही नाहीत.

मी बाही सारून हात आत घातला. मागच्या कोपऱ्यात लकी बांबूचे तीन दांडे सडलेले निघाले. हे झाड पाण्यातलं नाहीच. बुंधा पाण्यात आणि पानं हवेत ठेवली तर वर्षानुवर्षं जगतं, अख्खं बुडवलं की कुजतं. तरी दुकानातून सर्रास 'टँकचं झाड' म्हणून विकतात. ते काढून टाकले. मग अनुबियास, जाड पानांची पाणवनस्पती. लाकडाला दोऱ्याने नीट बांधलेला, रायझोम (आडवं जाडसर खोड) वाळूच्या वर, म्हणजे आधीच्या माणसाला काम येत होतं. पण पानं कडेकडून आरपार दिसत होती, आणि एक चिमटीत धरलं तर बोटांना बुळबुळीत लगदा लागला.

तिथे मला पहिली शंका आली. माशाने खाल्लेलं पान कुरतडलेलं दिसतं. कड फाटकी असते, मधली शीर नाही तर नुसता देठ उरतो, आणि तुकडे जाऊन फिल्टरच्या स्पंजमध्ये अडकतात. स्पंज काढून बादलीत पिळला. विष्ठा होती, खाद्याचा गाळ होता, पानाचा एकही तुकडा नव्हता. शिवाय अनुबियासचं पान चिवट असतं, गोल्डफिश एक-दोनदा तोंड लावून सोडून देतो. इथली झाडं खाल्ली गेली नव्हती, ती विरघळत होती.

मग नेहमीची उलटतपासणी. नर्सरीत अशी रोपं बहुतेक वेळा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. टँकमध्ये आल्यावर त्यांची जुनी पानं गळतात आणि पाण्यातली नवी येतात. पण इथे नवी पानंही तशीच जात होती. लाइट टायमरवर, सात तास. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट तीसच्या आसपास, म्हणजे झाडांना आयतं खत. झाडांना न सोसणारं माशांचं निळं औषध पडत असेल का म्हणून काचेचे सांधे पाहिले. मिथिलीन ब्लू एकदा पडलं की सिलिकॉन निळसर होतं आणि तसंच राहतं. सांधे स्वच्छ होते.

हूडच्या, म्हणजे टँकच्या झाकणाच्या, आतल्या कडेला मात्र पांढरी खरड होती. बोअरचं पाणी असतं तिथे असा थर नेहमी दिसतो, तो क्षाराचा, नखाने खरवडावा लागतो. हा ओलं बोट फिरवताच विरघळला. जिभेला लावून बघायचा मोह झाला, पण वेटिंग रूममध्ये सात-आठ आया माझ्याकडे बघत होत्या.

माझ्याबरोबरच्या पोराला म्हटलं, मीटर काढ. आरओवाले खिशात बाळगतात तो टीडीएसचा पेन, लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारा. आधी नळाचं पाणी घेतलं: ९२. मग टँकमध्ये बुडवला.

"तीनशे अठ्ठ्याण्णव," पोरगा म्हणाला. "ठीक आहे की."

"कोपऱ्यात बघ."

आकड्याच्या शेजारी बारीक '×१०' लुकलुकत होतं. हजाराच्या वर गेलं की हा मीटर दहाने गुणायला सांगतो, आणि घाईत ते कुणी बघत नाही. ३,९८०. नव्वदचं पाणी चार हजारांवर आपोआप जात नाही. यात कुणीतरी काहीतरी टाकत होतं.

"मीठ टाकता का कुणी?" मी मोठ्याने विचारलं.

"मी टाकते," मावशी म्हणाल्या. "दर शनिवारी, मूठभर. जाडं मीठ. का, काय झालं?"

मागे कधीतरी ब्लॅक मूरच्या अंगावर पांढरे ठिपके आले होते. दुकानदाराने मीठ सांगितलं, ते टाकलं आणि मासा बरा झाला. तेव्हापासून त्यांचा शनिवार चुकला नव्हता. पाणी आटलं की नळाचं भर घालायच्या. आटतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. मधूनमधून पाणी बदलत होते, पण जितकं मीठ बाहेर जायचं त्यापेक्षा जास्त आत पडत होतं. टँकमध्ये साधारण १६० लिटर पाणी, म्हणजे सहाशे ग्रॅमच्या वर मीठ त्यात विरघळलेलं होतं.

मॅडम केबिनच्या दारात येऊन ऐकत होत्या. "लिटरला चार ग्रॅम?" त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला आणि हसायलाच लागल्या. "अहो, ०.४ टक्के! नॉर्मल सलाईन ०.९. हे जवळजवळ हाफ नॉर्मल सलाईन आहे. माझ्या माशांना दोन वर्षं सलाईन चालू आहे!"

पुढचं त्यांना समजावायची गरजच पडली नाही. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त, त्यामुळे पाणी सतत अंगात शिरत राहतं आणि मूत्रपिंडाला ते सतत बाहेर टाकावं लागतं. पाणी थोडं खारट झालं की ही मेहनत कमी होते. मासे तुकतुकीत दिसत होते ते त्यामुळेच. झाडाचं नेमकं उलटं. बाहेर क्षार वाढले की पेशींना पाणी ओढून घेणं जड जातं, आणि सोडियम पानात साचत जातं ते वेगळंच.

मावशींनी विचारलं, "काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं, तसं का?" म्हटलं, तसंच. फक्त सावकाश.

त्यांचा चेहरा पडला. पण त्यांना बोल लावण्यासारखं काही नव्हतं, आणि तसं मी मॅडमसमोरच सांगितलं. मीठ हे माशांचं जुनं आणि चांगलं औषध आहे. फक्त औषध रोज जेवणात घालायचं नसतं. आजारी मासा वेगळ्या टबात काढायचा, तिथे मोजून मीठ द्यायचं आणि बरा झाला की परत सोडायचा. माझ्या मते गोल्डफिश ठेवणाऱ्याकडे दुसऱ्या टँकपेक्षा असा एक साधा टब आणि एक जास्तीचा एअर पंप असणं गरजेचं आहे.

आता मॅडमना घाई झाली. "मग आज सगळं पाणी काढून टाका." मी नाही म्हटलं. इतके दिवस खारटाला सरावलेल्या माशाला एकदम नव्वदच्या पाण्यात सोडलं तर त्याच्या शरीरावर ताण येतो, कधी मासा जातोही. आठवड्याला चौथा हिस्सा बदलायचा, अँटीक्लोरीन घालून. हिशोब फळ्यावर मांडला: ४,०००, ३,०००, २,२५०, १,७००... दीडेक महिन्यात हजाराच्या खाली. मॅडमनी फळ्याचा फोटो काढला. "हे मी पालकांना अँटिबायोटिकच्या कोर्सबद्दल सांगते तसंच झालं. बरं, राहू द्या मासे."

त्या दिवशी मी एकही झाड विकलं नाही. पोरगा खाली आल्यावर म्हणालाच, की आलो कशाला.

झाडं लावली ती पुढे, मीटरचा आकडा उतरत गेला तशी. आधी जावा फर्न, कारण तिला थोडा खारटपणा चालतो आणि गोल्डफिशला तिची चव आवडत नाही. तिचा आणि अनुबियासचा रायझोम वाळूत पुरायचा नाही, पुरला की कुजतो. लाकडाला दोऱ्याने बांधला किंवा फेविक्विकचा थेंब लावला तरी धरतो. वॅलिसनेरिया मातीच्या बुटक्या कुंड्यांत लावली आणि वर मोठे गोटे ठेवले. गोटे माशाच्या तोंडात मावणार नाहीत एवढे हवेत, वाटाण्याएवढा खडा त्याच्या घशात अडकतो. मॅडमना क्रिप्टोकोरिनी हवी होती, आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतही तिच्या जाती उगवतात हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. पण तिची मुळं सारखी हलवलेली तिला चालत नाहीत, आणि हे पाचही जण उकरणारे. ती टाळली. हॉर्नवर्ट मात्र मुद्दाम सोडली. ती खाण्यासाठीच आहे, खाल्ली तेवढी परत वाढते. नायट्रेट मासेच पुरवतात. पोटॅश आणि लोह तेवढं वरून द्यायचं, नाहीतर जावा फर्नच्या पानांना बारीक भोकं पडतात आणि आळ परत माशांवरच येतो.

मीटर मी दवाखान्यातच ठेवला, मावशींच्या ताब्यात. शनिवारचा वार त्यांनी सोडला नाही. त्या दिवशी त्या आकडा घेतात आणि टँकच्या मागे चिकटवलेल्या कागदावर लिहितात.

मध्यंतरी त्यांचा फोन आला. "दादा, त्या लांब पानांच्या मागच्या बाजूला काळे ठिपके आलेत, रांगेने. रोग आहे का?" म्हटलं, मावशी, ते जावा फर्नचे बीजाणू. काही दिवसांनी पानांच्या टोकाशीच पिल्लं फुटतील. बोटभर झाली की खुडा आणि दुसऱ्या लाकडाला बांधा. हल्ली त्या ती पिल्लं दह्याच्या डब्यात घालून लसीकरणाला येणाऱ्या मुलांच्या आयांना देतात, आणि देण्याआधी घरी मासे आहेत का, पाणी नळाचं की बोअरचं, हे विचारून घेतात.