नववी ब, लॉक आणि साचेखातं

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून सगळे मागे लागलेत. गॅदरिंग, कबड्डी, गेटवरचा वडापाव यावर बाकीचे लिहितीलच, मी आपला नागरिकशास्त्रावर लिहितो. हसू नका. आपण नववीत गेलो तेव्हा गिरण्यांचा संप सुरू होऊन काही महिने झाले होते (18 जानेवारी 1982, लालबाग-परळमध्ये ही तारीख सांगावी लागत नाही), अर्ध्या वर्गाचे वडील घरी बसलेले, काही पोरं आईबरोबर गावाला गेली ती परत आलीच नाहीत, आणि अशा वर्गात सर मूलभूत हक्क शिकवायला उभे राहिले.

पुस्तकात होतं, हक्क घटनेने दिलेत. सर म्हणाले, दिलेत म्हणजे काय रे? सरकार नव्हतं तेव्हा माणसाला जगायचा हक्क नव्हता? झालं, पोर्शन राहिला बाजूला आणि गाडी निघाली सिसेरोकडे, खरा कायदा, म्हणजे निसर्गातूनच येणारा, रोममध्ये एक नि अथेन्समध्ये दुसरा असा नसतो म्हणणारा तो रोमन विचारवंत. मग 1625 चा डच कायदेपंडित ग्रोशिअस, देव नाही असं धरलं तरी हा कायदा उरतोच म्हणे, तो आमच्या डोक्यावरून गेला. इंग्रज तत्त्वज्ञ लॉक मात्र नाही. जीव, स्वातंत्र्य, मालमत्ता हे हक्क माणसाला सरकारच्या आधीपासून आहेत, आणि ज्यात तुम्ही श्रम मिसळता ते तुमचं होतं. मागच्या बाकावरून लगेच आवाज, "सर, मग माझ्या बाबांनी एवढी वर्षं साचेखात्यात, मागांवर, घाम गाळला, मिल कोणाची?"

वर्ग हसला, सर नाही. दुसऱ्या दिवशी लॉकचं पुस्तकच घेऊन आले आणि ते पान वाचलं, माझ्या घोड्याने खाल्लेलं गवत आणि माझ्या नोकराने कापलेली ढेकळं, दोन्ही माझीच मालमत्ता. घोडा आणि नोकर एकाच ओळीत! वर याच लॉकचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत होते. सर म्हणाले, मग फुले वाचा. निर्मिकाने, म्हणजे जग निर्माण करणाऱ्याने, सगळ्या स्त्रीपुरुषांना जन्मतःच स्वतंत्र आणि हक्कदार केलंय, हे 1891 च्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात आहे, आणि माझ्या मते तिथे फुले लॉकच्या पुढे गेलेत, कोणी काहीही म्हणो.

पुढे कॉलेजात इंग्रज विचारवंत बेंथम पुस्तकांतून भेटला. तो म्हणतो, नैसर्गिक हक्क म्हणजे निव्वळ बाष्कळ बडबड, हक्क फक्त कायद्यातून येतात. अर्धा बरोबर आहे तो. 1985 चा ओल्गा टेलिस खटला बघा, आपल्याच मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांचा. सुप्रीम कोर्ट म्हणालं पोट भरायचा हक्क जगण्याच्या हक्कातच आला, घटनेचं कलम 21, आणि त्याच निकालात हेही की पालिका रीतसर नोटीस देऊन हटवू शकते, फक्त पावसाळा जाऊ द्या, 31 ऑक्टोबरपर्यंत थांबा. हक्क मान्य, जागा नाही.

पण भांडायला उठायचं तर आधी हे आपलं आहे असं वाटावं लागतं ना, ते कुठल्या कायद्यातून येणार? नारायण मेघाजी लोखंडे, फुल्यांचे सत्यशोधक साथी, त्यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली, सभा घेतल्या, त्यात बायकाही बोलल्या, आणि 1890 ला मालकांनी ती दिली. फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली 1891 ला.