वार सांगून झाल्यावर

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मी माझ्याबद्दल नाही, माझ्या धाकट्या भावाबद्दल लिहिते आहे. त्या काळातल्या सगळ्यांना तो आठवत असेल. जन्मतारीख सांगितली की डोळ्याचं पातं लवायच्या आत वार सांगणारा तो मुलगा!

शाळेत पाहुणे आले की त्याला स्टेजवर बोलावत. टाळ्या पडत. पण त्याच मुलाला बुटाची नाडी बांधता येत नसे, दोन सूचना एकदम दिल्या की तो जागीच थिजे. मग ‘एवढं लक्षात राहतं, मग हेच कसं जमत नाही? मुद्दाम करतो’ हे ऐकावं लागे. त्या वाक्याचा राग मला आजही येतो.

सॅव्हंट सिंड्रोम, म्हणजे एखाद्या बाबतीत विलक्षण क्षमता पण रोजच्या साध्या गोष्टींत मोठी अडचण, हे नाव आमच्या घरात फार उशिरा पोचलं. खरं तर लंडनच्या डॉ. जॉन लँग्डन डाऊन यांनी अशा मुलांचं वर्णन 1887 मध्येच करून ठेवलं होतं. अमेरिकेतल्या किम पीक यांच्याबद्दल वाचलं तेव्हा तर मी रडलेच. हजारो पुस्तकं त्यांना तोंडपाठ होती, पण शर्टाची बटणं लावायला वडील लागत. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा मज्जातंतूंचा पट्टाच त्यांना जन्मतः नव्हता. यात मुद्दाम करण्यासारखं काय असतं?

आमच्या गणिताच्या बाईंनी मात्र त्याचा कधी खेळ केला नाही. मधल्या सुट्टीत त्या त्याच्याशेजारी वही घेऊन बसत. एकदा मी तिथेच होते. तो म्हणाला, “29 फेब्रुवारी 1972, मंगळवार. 2000 ला मंगळवार. 2028 ला पण मंगळवारच.”

“आणि 1900 ला?” बाईंनी विचारलं.

“तेव्हा 29 फेब्रुवारी नव्हतीच,” तो लगेच म्हणाला.

बाई हसल्या. “बरं, मागच्या मंगळवारी आपल्या वर्गात काय झालं?”

असं त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग सांगू लागला: कोण गैरहजर होतं, फळ्यावर कोणतं उदाहरण होतं, त्याची वही कुणी खिडकीतून फेकली आणि फेकताना काय म्हटलं, शब्दन् शब्द. घरीही तो इतकं सलग कधी बोलला नव्हता. आपण अपमान विसरतो, निदान त्याची धार तरी बोथट होते. त्याच्याकडे तो कालच्याइतकाच ताजा राहतो. हे मला त्या दिवशी समजलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला आपल्या टेबलाजवळच्या बाकावर बसवलं. हळूहळू तो न विचारताही बोलू लागला.

आज तो एका ग्रंथालयात नोंदींचं काम करतो. नाडीचे बूट आम्ही कधीच सोडून दिले.

महोत्सवाला आम्ही दोघंही येणार आहोत. त्याला तारखा जरूर विचारा, त्याला आवडतं. पण वार सांगून झाल्यावर निघून जाऊ नका. त्या दिवशी काय झालं होतं तेही विचारा आणि जरा थांबा, उत्तर यायला वेळ लागतो.